गाडगें, तांब्या आणि चित्रकलेचा तास

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे थोड्याच मैलांवर वलगांव लागतें. गांवाशेजारून पेढी नदी वाहते. २० डिसेंबर १९५६ रोजीं, मध्यरात्र उलटून गेल्यावर, आजारी गाडगेमहाराजांस अमरावतीकडे घेऊन चाललेली मोटार या पेढीच्या पुलाजवळ आली आणि तेथेंच महाराजांनीं देह ठेवला. त्यांचा जन्म १८७६ सालचा, याच जिल्ह्यांतील शेणगांवचा. वलगांवची ही जागा त्यांची निर्वाणभूमि म्हणून आतां साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे.

श्रोतेहो, या सत्पुरुषाची थोरवी सांगण्यासाठीं मी आज आपणांपुढें आलेलों नाहीं. तें काम माझ्याहून अधिकारी माणसांनीं केलें आहे. माझें लक्ष आहे तें त्यांच्या गाडग्याकडे. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, हातांत खराटा आणि जवळ एक फुटकें गाडगें, एवढाच या माणसाचा संसार. त्या गाडग्यांत ते भाकरी घेत, त्यांतूनच पाणी पीत आणि वाटेला लागले म्हणजे तेंच डोक्यावर पालथें घालीत. ताट, तांब्या आणि टोपी या तिन्ही वस्तूंचें काम एका खापरानें केलें, आणि लोकांनीं त्यांस नांवहि त्या खापराचेंच दिलें. एखादी वस्तु माणसाच्या आयुष्याशीं किती एकजीव होऊं शकते, याचें याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाहीं. मात्र तें गाडगें घडविणारा कुंभार कोण, हें कोणीहि विचारलें नाहीं. विचारण्याची आपल्याकडे रीत नाहीं.

गाडग्याची आणि माझी पहिली ओळख मात्र निराळ्याच ठिकाणीं झाली. ती झाली चित्रकलेच्या तासाला. वऱ्हाडांतल्या एका शाळेंत आम्ही मुलें एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करीत होतों. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिति आणि अक्षरलेखन हे त्या परीक्षेचे विषय आमच्या पिढीस तोंडपाठ असत. टेबलावर एक मडकें मांडलेलें होतें. आमच्या वर्गांत कुंभाराचा एक मुलगा होता आणि तें मडकें त्याच्याच घरून मागविलेलें होतें. आम्हीं सर्वांनीं मडक्याचें तोंड पुस्तकांत असतें तसें लांबट गोल काढलें. त्या मुलानें तें एका बाजूस किंचित् दबलेलें काढलें. मास्तरांनीं खोडरबर घेतलें, त्याची रेघ पुसली आणि बिनचूक लंबगोल काढून दिला. मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, तें खरंच दबलेलं आहे. ओलं असतांना उचललं तेव्हां बाबांचा अंगठा लागला." वर्ग हंसला. मास्तर रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच सांगितलें कीं परीक्षकाला अंगठा दिसत नाहीं.

मास्तर वाईट नव्हते. ते एका फार जुन्या वाटेनें चालले होते, आणि ती वाट कोठून आली हें त्यांनाहि कोणीं सांगितलें नव्हतें.

ती आली लंडनहून. १८५१ सालीं तेथें जगांतील उद्योगधंद्यांचें मोठें प्रदर्शन भरलें. हिंदुस्थानांतून गेलेलीं वस्त्रें, भांडीं, कोरीव कामें पाहून तिकडचे जाणते लोक चकित झाले. यंत्रानें काढलेल्या मालापुढें हा हातचा माल उजवा ठरला. यांतून निष्कर्ष निघावयास हवा होता तो असा, कीं या कारागिरांपासून आपण कांहीं शिकावें. निघाला तो उलट: या कारागिरांस आपण शास्त्रशुद्ध रेखाटन शिकवावें! मुंबईंत सर जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ मध्यें एक लाख रुपये देऊं केले आणि १८५७ च्या मार्चमध्यें त्यांच्या नांवाची कलाशाळा सुरू झाली. पद्धति आली ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची. हेन्री कोल यांनीं तेथें रेखाटनाच्या पायऱ्या बांधून दिल्या होत्या. आधीं सरळ रेघ, मग वांकडी, मग ठोकळे व भांडीं, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लॅस्टरचे सांचे. प्रत्येक पायरीस परीक्षा, प्रत्येक परीक्षेस दाखला. टेबलावरचें मडकें याच जिन्यानें खालीं उतरत आपल्या तालुक्याच्या शाळेपर्यंत येऊन पोंचलें.

या पद्धतीची नुसती निंदा करणें सोपें आहे, पण तें अन्यायाचें होईल. त्या शाळेंत भले शिक्षक आले. जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघेहि १८६५ मध्यें मुंबईस आले. किपलिंग यांनीं क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावर कोरलेले कष्टकरी लोक अजूनहि पाहावयास मिळतात. १८७० नंतरच्या दोनतीन वर्षांत सरकारी कामगिरीवर उत्तरेकडे फिरून त्यांनीं विणकर, लोहार, लांकूडकाम करणारे कारागीर यांचीं कामांत गढलेलीं रेखाचित्रें काढलीं. ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह वऱ्हाडच्या सीमेपलीकडील अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रती उतरविल्या. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकींच. लंडनला गेलेल्या त्या प्रतींपैकीं पुष्कळ पुढें आगींत जळाल्या, हें दुर्दैव वेगळें. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्यें या शाळेंत विद्यार्थी म्हणून शिरले आणि एकेचाळीस वर्षांनीं तेथूनच निवृत्त झाले. त्यांच्या 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' या ग्रंथाच्या नांवांतच त्या संस्थेविषयींचें प्रेम भरलेलें आहे. हें सर्व खरें आहे. पण किपलिंगसाहेबांनीं कारागीर पाहिला, त्यांच्या अभ्यासक्रमानें तो पाहिला नाहीं. कारागिरांच्या मुलांसाठीं म्हणून जी शाळा निघाली, तींत हळूहळू नकाशे काढणारे आणि ड्रॉइंगमास्तर तयार होऊं लागले. १८९१ मध्यें लॉर्ड रे यांच्या नांवानें कार्यशाळा काढून कारागिरीला पुन्हां जागा देण्याचा प्रयत्न झाला, तेव्हां कोठें ही उणीव मान्य झाल्यासारखी दिसली.

पुढें १९१९ मध्यें कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन या शाळेचे प्रमुख झाले. त्यांनीं प्लॅस्टरच्या पुतळ्याऐवजीं जिवंत माणूस समोर बसवून चित्रें काढण्याचा वर्ग सुरू केला. सुधारणा मोठी होती. अखेर माणूस कलाशाळेंत आला म्हणावयाचा! पण आला तो मांडीवर हात ठेवून, न हालतां, तासाच्या हिशेबानें बसावयास.

आतां वऱ्हाडाकडे येतों. हा मुलूख १९०३ पासून मध्यप्रांतास जोडलेला होता. १९५६ मध्यें तो द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. १९६५ मध्यें राज्याचें कलासंचालनालय स्थापन झालें आणि परीक्षांची व्यवस्था त्याच्याकडे आली. राज्यें बदललीं, टेबल व मडकें तेंच राहिलें. आणि ज्या मुलांना आम्ही चित्रकलेंत 'कच्चीं' म्हणत होतों, त्यांचे हात घरीं काय करीत होते? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, तान्ह्या पोळ्याला, मुलें लांकडी बैल सजवून घरोघर नेत. त्यांच्या झुलींचे, शिंगांच्या बेगडांचे रंग कोणीं शिकविले नव्हते. भाद्रपदांतील पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडीत, मातीच्या त्या जोडीभोंवतीं रोज नवी आरास करीत आणि गाणीं म्हणत. वर मेळघाटांत कोरकू लोक आपल्या गेलेल्या माणसासाठीं सागवानी फळीवर घोडेस्वार, चंद्र आणि सूर्य कोरून ती झाडाखालीं उभी करतात. या सगळ्यांत आराखडा होता, प्रमाण होतें, रंगसंगति होती, आणि मुख्य म्हणजे तें कोणासाठीं करावयाचें हें करणाऱ्यास ठाऊक होतें. संकल्पचित्राच्या तासाला मात्र आम्हीं चौरसांत पानांफुलांची नक्षी भरली. ती कशावर छापावयाची, कोणीं नेसावयाची किंवा अंथरावयाची, हा प्रश्न कोणीं कधीं विचारला नाहीं.

हा प्रश्न मोठ्यानें विचारला गेला तो आपल्यापासून फार दूर नव्हे. १९३६ च्या डिसेंबरांत काँग्रेसचें अधिवेशन प्रथमच एका खेड्यांत, खानदेशांतील फैजपूर येथें भरलें. तेथील नगराची सजावट गांधीजींनीं शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे सोंपविली. नंदबाबूंनीं बांबू, गवत, माती असलें गांवांत मिळणारेंच साहित्य घेतलें. दीड वर्ष उलटण्यापूर्वीं, १९३८ च्या फेब्रुवारींत, हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठीं त्यांनीं ऐंशीहून अधिक चित्रें रंगविलीं; त्यांत शेतकरी, ढोलकें वाजविणारा, सुतार, दळणकांडण करणाऱ्या बाया असे लोक आहेत. अजिंठ्याच्या भिंतींवरून हात फिरवून आलेला हा चित्रकार होता. १९०९ नंतरच्या हिंवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांच्या बरोबर अजिंठ्याच्या प्रती करावयास आलेल्या मंडळींत तरुण नंदलाल होते. त्याच भिंती ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनींहि पाहिल्या होत्या. एकानें त्यांत नमुना पाहिला, दुसऱ्यानें त्यांतील लोक पाहिले, असें मला वाटतें. हें माझें मत आहे. ग्रिफिथ्स यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीं तें मानूं नये.

या दोन अधिवेशनांच्या मध्यें, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं, वर्ध्यास शिक्षण-परिषद भरली. सात वर्षांचें मोफत शिक्षण, तें मातृभाषेंतून, आणि त्याचा मध्यबिंदु एखादा हातव्यवसाय, असा तिचा गाभा होता. डॉक्टर झाकीर हुसेन यांच्या समितीनें त्याचा तपशील आंखला. हिंदुस्थानी तालीमी संघाचें काम सेवाग्रामांत आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्यानें चालविलें. दोघेंहि शांतिनिकेतनांतून आलेलीं. मुलांच्या हातच्या मालावर शाळेचा खर्च भागावा, या कल्पनेस मात्र परिषदेंतच प्रोफेसर के. टी. शहा यांनीं हरकत घेतली होती, आणि मला ती हरकत रास्त वाटते. मुलाच्या सुतावरून मास्तराचा पगार निघूं लागला कीं मूल पुन्हां वस्तूच्या मागें पडतें.

येथें देवीप्रसाद यांचें नांव घ्यावयास हवें. महाराष्ट्रांत तें फार थोड्यांच्या कानांवर आहे, याची मला खंत आहे. १९२१ मध्यें डेहराडूनला जन्मलेला हा तरुण शांतिनिकेतनांत नंदबाबूंच्या हाताखालीं शिकला आणि १९४४ मध्यें सेवाग्रामास कलाशिक्षक म्हणून आला. तो १९६२ पर्यंत तेथें राहिला. म्हणजे अमरावतीहून आगगाडीनें एका सकाळींत पोंचतां येईल इतक्या अंतरावर अठरा वर्षें एक असा चित्रकलेचा वर्ग चालला होता, कीं ज्यांत मुलांचीं चित्रें खोडरबरानें सुधारण्याचें कारण नव्हतें. देवीप्रसादांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं मुलाकडून सुंदर चित्र काढवून घेणें हा कलाशिक्षणाचा हेतु नव्हे; चित्र काढतांना, माती मळतांना, अंगणांत आलेखन करतांना मूल आंतून वाढतें, त्याचें मन मोकळें होतें आणि भोंवतालच्या माणसांशीं जुळतें, हा हेतु आहे. व्हिएन्नांत फ्रान्झ चिझेक यांनीं मुलांना मोकळेपणीं चित्रें काढूं देण्याचा वर्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढला होता, आणि इंग्लंडांत हर्बर्ट रीड यांचा कलेच्या द्वारें शिक्षण देण्यासंबंधींचा ग्रंथ १९४३ मध्यें, ऐन महायुद्धांत, प्रसिद्ध झाला. देवीप्रसाद या विचारांच्या कुळांतले. पण त्यांच्या वर्गाचें वैशिष्ट्य असें, कीं तेथें मूल चित्र काढून उठलें कीं सूतकताईस, शेतांत, स्वयंपाकघरांत, संडाससफाईस जात असे. सौंदर्य ही तासापुरती वस्तु राहिली नाहीं. पुढें देवीप्रसाद युद्धविरोधी चळवळीच्या कामासाठीं लंडनला गेले. कुंभारकामाचे मोठे कलावंत म्हणून त्यांची ख्याति झाली आणि २०११ मध्यें ते निवर्तले. कुंभाराच्या चाकावर बसणारा हा कलाशिक्षक आमच्या त्या तासाला असता तर अंगठ्याचा तो ठसा त्यानें नक्कीच ओळखला असता.

नयी तालीम मात्र सरकारी शाळांत पसरतां पसरतां आटली. बऱ्याच ठिकाणीं टकळीचा तास तेवढा उरला, आणि तोहि वेळापत्रकांतील एक चौकोन होऊन बसला.

मग एक चमत्कारिक योग आला. गाडगेमहाराज गेल्यावर दोन वर्षांच्या आंत, १९५८ मध्यें, अमेरिकेंतील चार्ल्स आणि रे ईम्स या वस्तुरचनाकार दांपत्यानें हिंदुस्थान सरकारच्या विनंतीवरून देशभर फिरून एक अहवाल दिला. लहान उद्योगांसाठीं रचनेचें शिक्षण कसें द्यावें, हा त्याचा विषय. नवीं यंत्रें आणि नवीं दालनें पाहावयास आलेल्या या पाहुण्यांना सर्वांत सुंदर वस्तु कोणती दिसली? आपला रोजचा तांब्या! तांब्याचें मोठेपण सांगतांना त्यांनीं प्रश्नच प्रश्न विचारले आहेत. त्यांत पाणी किती मावावें, हात कोणाचा, पुरुषाचा कीं बाईचा, कमरेवर वा डोक्यावर घेतला तर तोल कसा राहतो, ओततांना धार कशी पडते, घांसावयास हात आंत जातो का, आपटला तर आवाज कसा येतो, किंमत काय, मोडीची किंमत काय. कोणा एका माणसानें तांब्याचा आराखडा केला नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या असंख्य हातांनीं तो घडविला, हें त्यांनीं ओळखलें. या अहवालांतून अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्पसंस्था १९६१ मध्यें उभी राहिली. गंमत अशी, कीं तांब्याविषयींचे हे प्रश्न आपल्या कोणत्याहि आजीस सुचले असते, आणि तिच्या सुनेस तर भांड्यांच्या दुकानांत उभी असतांना सुचतातच. परंतु ते चित्रकलेच्या परीक्षेंत येण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडून पाहुणे यावे लागले. आणि परीक्षेंत ते अजूनहि फारसे आलेले नाहींत.

येथें एक धोका सांगितला पाहिजे, नाहींतर माझ्या बोलण्याचा विपर्यास होईल. कारागिरी थोर, म्हणून कुंभाराच्या पोरानें चाकावरच बसावें, हा अर्थ कोणीं काढूं नये. गाडगेमहाराज स्वतः परीट कुळांतले, अक्षरओळखीवांचून वाढलेले. गाडगें डोक्यावर मिरविणारा हा माणूस कीर्तनाकीर्तनांतून लोकांना विनवीत होता कीं जेवणाचें ताट मोडा, पण मुलांना शाळेंत घाला. जातीनें हातांत दिलेलें काम आणि माणसानें निवडलेलें काम यांतला भेद त्यांच्याहून अधिक कोणास कळणार? म्हणून माझें मागणें उलट आहे. कुंभाराच्या मुलानें डॉक्टर व्हावें, वकील व्हावें. आणि वकिलाच्या मुलानें निदान एकदां तरी माती मळून पाहावी. बापाचा अंगठा ज्याला दिसतो त्या डोळ्यांस शाळेनें गुण द्यावे, आणि ज्याला दिसत नाहीं त्यास तो दाखवावा.

असें कोठें घडतें का? अमरावती जिल्ह्यांतच, धारणीकडे, मेळघाटांतील लवादा या गांवीं सुनील देशपांडे आणि निरुपमा देशपांडे यांनीं गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत संपूर्ण बांबू केंद्र उभें केलें. कोरकू तरुण-तरुणी तेथें बांबूचें काम शिकतात. राख्यांपासून घरांपर्यंत वस्तु होतात. सुनील देशपांडे २०२१ मध्यें गेले, पण केंद्राची शिकवण जगली आहे. तेथें धडा सुरू होतो तो जंगलांत, कोणता बांबू तोडावयाचा आणि कोणता ठेवावयाचा येथून. वस्तु कोणासाठीं, हा प्रश्न पाठोपाठ येतो, कारण ती विकली गेली नाहीं तर घरीं चूल अडते. मुंबईच्या तंत्रशिक्षणसंस्थेंतील औद्योगिक अभिकल्प केंद्रांत आपल्या मराठी मुलखाचे र. कृ. जोशी यांनींहि हेंच निराळ्या रीतीनें केलें. देवनागरी अक्षर पाहतांना त्यांना लिहिणारा हात व बोलणारा आवाज आधीं दिसे. आज असंख्य यंत्रपडद्यांवर उमटणारा 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांचाच.

१८५७ पासूनचा हा हिशेब मांडला म्हणजे एक गोष्ट दिसते. वाट सुधारण्याची इच्छा प्रत्येक पिढींत कोणाला तरी झाली. पण शाळेच्या तासापर्यंत ती क्वचित्‌च उतरली. आतां तर एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या यशाबद्दल दहावीला वाढीव गुण मिळूं लागले आहेत, म्हणून परीक्षेस बसणाऱ्यांची गर्दी आहे. पालक मला विचारतात, "याला चित्रकलेंत गति आहे का?" गति म्हणजे काय, हें मी त्यांना उलट विचारत नाहीं, त्यांना गुणच हवे असतात, आणि यांत त्यांचा दोष थोडा आहे.

तरीहि एक दार किलकिलें झालें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना केली आहे. त्या दिवसांत मुलांनीं सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा गांवांतील जाणत्यांकडे जाऊन शिकावें, असें त्यांत आहे. हे दहा दिवस सहलीसारखे उडूनहि जातील. पण एखाद्या मुख्याध्यापिकेच्या मनांत आलें, तर त्यांचा उपयोग करतां येईल. शाळेजवळचा एखादा कुंभार गांठावा. त्यास पाहुणा म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून बोलवावें, बसावयास खुर्ची द्यावी आणि त्या दिवसाचें मानधन रोख, हातोहात द्यावें. ओल्या मातीचा एक दिवस बुडणें म्हणजे काय, हें नोकरदार माणसास कळत नाहीं. मुलांनीं त्याला विचारावें, माती कोठून आणतां, पाऊस लांबला तर भट्टीचें काय करतां, प्लॅस्टिकचे माठ आल्यापासून घरचें कसें चालतें, तुमचीं मुलें कोणत्या शाळेंत जातात. मडकें टेबलावरून खालीं घेऊन एकेकाच्या हातांत द्यावें आणि डोळे मिटून चाचपावयास सांगावें. चित्र काढावयाचें तें त्यानंतर. एखादें मडकें फुटेल. त्याचे पैसे शाळेनें आधींच हिशेबांत धरून ठेवावे.